नग दोनशे सतरा

शारजा, औद्योगिक वसाहत, गोदाम सहा.
बाहेर शेहेचाळीस अंश. आत चेट्टिनाड,
उभं, आडवं, एकावर एक रचलेलं.

ब्रह्मदेशी सागाचे खांब, चौतीस.
पैकी भेग गेलेले, सात.
आत्तंगुडीच्या फरश्या. काचेवर रंग ओतून
हातानं पाडलेल्या, म्हणून एक दुसरीसारखी नाही.
मी लिहिते : ‘एकसारख्या, बाराशे.’
कस्टमच्या फॉर्मात फरकाला रकाना नाही.

मी सावंतवाडीची, चितार आळीतली.
वडील लाकूड कातायचे, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवायचे,
आम्ही पोरी दोरी ओढायचो, कधी हसण्यात ढिली सोडायचो.
म्हणून खांबावर तळवा फिरवला की कळतं
कातणाऱ्याचा हात कुठं थकला,
कुठं थांबून त्यानं पटाशीला धार लावली.
हे पगारात धरलेलं नाही.

नग दोनशे सतरा : मुख्य दरवाजा, चौकटीसह.
मधोमध लक्ष्मी, दोन बाजूंना हत्ती,
एकाची सोंड वेगळ्या पुडीत.
उंबरठ्याच्या रेषांत पांढरं काही रुतलेलं.
नखानं उकरलं, तांदळाचं पीठ.
रोज पहाटे कुणीतरी घातलेलं कोलम
रोज पायांनी पुसलं गेलं,
लाकडानं मात्र चिमूटचिमूट ठेवून घेतलं.
मुंग्यांना हे माझ्या आधी ठाऊक होतं.
कंटेनरमधून आल्या की इथल्याच, देव जाणे,
काँक्रीटवरून सरळ रेघ धरून यायच्या.

जुमेराच्या एका बाईंची ऑर्डर आली :
दार आडवं करा, वर काच बसवा,
बारा माणसांचं जेवणाचं टेबल.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, चोक्कलिंगम आला.
अजमानच्या बर्फाच्या कारखान्यात हिशेबनीस.
घर त्यांचं. म्हणजे चौसष्टातला एक वाटा त्याचा.
‘एक्केचाळीस हजार मिळाले,’ म्हणाला,
‘फ्रीज घेतला. बाकीचे बहिणीच्या डोळ्याला.’
कुणी विचारलं नव्हतं.

दार फोर्कलिफ्टला टेकवून उभं केलं होतं.
त्यानं बूट काढले, मोजे काढून बुटांत खोचले.
चौकट चार विटांवर चढलेली, वाकायची गरज नव्हती,
तो वाकला.
पलीकडे काय, वॉशिंग मशीनचे खोके, आग विझवायचा लाल नळकांडा.
तिथं तो बराच वेळ उभा राहिला.
परत येताना बाजूनं मोकळी वाट होती,
आला मात्र दारातूनच.

मी वही उघडली. किल्ली?
त्यानं कोपरापासून मनगटापर्यंत हात दाखवला, एवढी.
आत्याकडे आहे, देवकोट्टैला.
‘ती म्हणते, दार विकलंत, मी किल्ली कुठं विकली?
दर शुक्रवारी एरंडेल लावते. गंज चढू नये.’
हसला. मग बूट शोधू लागला, ते समोरच होते.

मारियप्पन आसारीनं दार घासलं.
हत्तीची सोंड चिकटवली, सांधा मलाही दिसेना.
उंबरठा उरला. टेबलाला उंबरठा लागत नाही.
मी लिहिलं, ‘टाकाऊ.’
त्यानं तो रात्रीत चहाच्या खोलीच्या दाराला ठोकला.
पहिल्या दिवशी ड्रायव्हर गुलजमीन तिथं अडखळला,
पश्तूत मारियप्पनची सात पिढ्यांची चौकशी केली.
आता तोही पाय उचलून आत येतो,
हातात कप असला तरी.
साखर सांडते. मुंग्यांनी रेघ वळवून घेतलीय.

महिनाअखेर मालकानं वही तपासली.
दोनशे सतरा, विकले, रक्कम जमा.
शेवटच्या रकान्यावर त्याचं बोट थांबलं.
‘किल्ली : नाही’ खोडून
मी ‘आहे’ लिहिलं होतं.
कुठाय? त्यानं विचारलं.
म्हटलं, तेल लावून ठेवलीय.